हे नाव कुणाच्या नावावर?

२०२२ च्या जानेवारीतली गोष्ट. गुरुवारी रात्री जेवून उठतोय तोच चिपळूणहून पुतण्याचा फोन.

"काका, तुम्ही अजून तुबलीतच राहता ना?"

"हो. का रे?"

"माझ्या मित्राला तिथल्या एका कंपनीत वेल्डरची नोकरी लागलीय. ऑफर लेटर आलंय. पंधरा हजार भरलेत, साठ हजार सोमवारी भरायचेत. तुम्ही जरा ती कंपनी बघून याल का?"

तुबली म्हणजे काही मोठं शहर नाही. मनामापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. एका अंगाला खाडी आणि तिच्यात उरलीसुरली कांदळवनं, जवळच साऱ्या बेटाच्या सांडपाण्याचा प्रकल्प, बाकी गोदामं, गॅरेजं आणि आमच्यासारख्यांची बिऱ्हाडं. बहरीनमध्ये पत्ता आकड्यांत असतो: इमारत, रस्ता, ब्लॉक. त्यामुळे शोधायला त्रास नाही. शुक्रवारी सुट्टी. सकाळी चहा घेऊन निघालो आणि दहा मिनिटांत त्या इमारतीसमोर उभा राहिलो. तिथे होतं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान. मालक मल्याळी. "साब, चौदह साल से मैं ही बैठा हूँ यहाँ," म्हणाला. अशीच चौकशी करणारे फोन त्यालाही येऊन गेले होते.

घरी येऊन कंपनीचं संकेतस्थळ उघडलं. क्रेनचे फोटो, हेल्मेट घातलेले गोरे साहेब, आणि खाली '१९९४ पासून आपल्या सेवेत'. मग मी माझी जुनी सवय केली, म्हणजे हे डोमेन नाव कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. उत्तर आलं. मालकाचं नाव, पत्ता, फोन, ईमेल अशा सगळ्या रकान्यांत एकच मजकूर होता: 'रिडॅक्टेड फॉर प्रायव्हसी'. म्हणजे खाजगीपणासाठी झाकलं आहे. (एक ओळ मात्र उघडी होती. तिच्याकडे शेवटी येतो.)

वीस वर्षांपूर्वी याच प्रश्नाला मला दोन सेकंदांत नाव-गाव मिळालं असतं. मग ही खिडकी बंद कुणी केली, कधी आणि का? त्याची गोष्ट मोठी मजेदार आहे, आणि तिच्यातला थोडासा भाग आमच्या घरातही घडलेला आहे.

आधी ही भानगड काय ते सांगतो. गावाकडे जमीन घ्यायची म्हटलं की आपण पहिल्यांदा काय बघतो? सातबारा. गट नंबर सांगितला की गाव नमुना सातमध्ये नाव दिसतं, बारामध्ये पीक, आणि फेरफाराचा नंबर धरून मागे मागे जाता येतं. ज्याची जमीन नाही त्यालाही सातबारा बघता येतो, आता तर घरबसल्या महाभूलेखवर. डोमेन नावांचं असंच होतं. 'डॉट कॉम'ची सगळी नावं एका मोठ्या वहीत असतात, ती वही सांभाळणारी संस्था म्हणजे रजिस्ट्री. आपल्याला नाव विकणारे किरकोळ दुकानदार म्हणजे रजिस्ट्रार. आणि वहीत डोकावायची खिडकी म्हणजे 'हूइज', शब्दशः 'कोण आहे?'. तांत्रिकदृष्ट्या हा प्रकार इतका साधा की हसू यावं. समोरच्या संगणकाच्या ४३ नंबरच्या पोर्टवर जायचं, नाव टाइप करायचं, एंटर मारायचं. साध्या मजकुरात उत्तर येतं. पासवर्ड नाही, ओळख नाही, कारण नाही.

हे इतकं उघडं का ठेवलं? कारण ते ज्या काळात जन्मलं तेव्हा सगळे एकमेकांना ओळखत होते. अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशांवर चालणाऱ्या आर्पानेटची माहिती-कचेरी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एसआरआय या संस्थेत होती आणि १९७२ पासून ती एलिझाबेथ फाइनलर या बाई चालवत होत्या. जाळ्यावर कुठलं यंत्र आहे, त्याचं नाव काय, ते कोण बघतं, हे सगळं त्यांच्या कचेरीत नोंदलेलं असे. मार्च १९८२ मध्ये केन हॅरन्स्टीन आणि व्हिक व्हाइट या तिथल्याच दोघांनी हूइजचं पहिलं टिपण लिहिलं. त्यात अशी विनंती होती की ज्याला ज्याला या जाळ्यावर वाहतूक करता येते, त्याने आपलं नाव, टपालाचा पत्ता, फोन नंबर आणि मेलबॉक्स नोंदवावा. उपयोग उघड होता. एखादं यंत्र रात्री भलतंसलतं वागायला लागलं तर त्याच्या माणसाला फोन करून उठवता आलं पाहिजे! आमच्या प्लँटमध्ये कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावलेली फोन नंबरांची यादी असते ना, तशीच ही. ती चोरून कुणी विमा विकायला फोन करेल, असं यादी लावणाऱ्याच्या मनातही येत नाही.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? १९८६ साली अर्नेट सुरू झालं, शिक्षणसंस्थांना जोडणारं जाळं. त्यात मुंबईत जुहूला असलेली एनसीएसटी होती. १९८५ साली टीआयएफआरमधून वेगळी निघालेली ही संस्था, डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे संचालक. 'डॉट इन'ची वही पुढे बरीच वर्षं या जुहूच्या संस्थेत होती. म्हणजे भारताचा हा सातबारा काही काळ मुंबईच्या एका उपनगरात ठेवलेला होता म्हणा ना. तिथे नाव मिळवायचं तर नियम कडक होते. १९९२ ते २००४ या साऱ्या काळात जेमतेम सात हजार नावं दिली गेली. १६ फेब्रुवारी २००५ ला निक्सी या नव्या संस्थेने सर्वांसाठी दार उघडलं, तेव्हा कुठे 'डॉट इन' सामान्य माणसाच्या हाताला लागलं. थोडक्यात, तोवर आपल्याकडे ज्याला घाई होती तो सरळ डॉट कॉम घ्यायचा. मीही घेतलं होतं.

आणि डॉट कॉममध्ये तोवर पैसा शिरला होता. १९९३ पासून नोंदणीचं काम नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीकडे होतं. आधी नाव फुकट मिळे. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांचे शंभर डॉलर पडायला लागले. नाव विकत मिळायला लागलं की नावावरून भांडणंही आलीच. मुंबई उच्च न्यायालयात १९९९ साली रेडिफ विरुद्ध सायबरबूथ हा खटला झाला. समोरच्याने एक अक्षर बदलून 'रॅडिफ डॉट कॉम' घेतलं होतं. न्यायालयाने रेडिफच्या बाजूने मनाई हुकूम दिला आणि डोमेन नाव म्हणजे नुसता पत्ता नव्हे, ती मौल्यवान मालमत्ता आहे, हे मान्य केलं. आता मालमत्ता म्हटली की तिच्या मालकाचं नाव उघड हवं, नाहीतर दावा लावायचा कुणावर?

१९९८ मध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली आणि १९९९ मध्ये एकाच्या जागी अनेक रजिस्ट्रार आले. आयकॅनने त्यांच्याकडून करार लिहून घेतला, आणि खरी गंमत त्या करारात आहे. प्रत्येक रजिस्ट्रारने आपल्या गिऱ्हाइकांची नावं-पत्ते हूइजमधून जगाला फुकट दाखवायचे. शिवाय कुणी संपूर्ण यादी एकगठ्ठा मागितली तर तीही द्यायची, वर्षाला जास्तीत जास्त १०,००० डॉलर घेऊन. विचार करा, तुमच्या किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीची प्रत समोरच्या दुकानदाराला द्यायचा कायदा झाला तर? कालपर्यंत जी यादी शेजाऱ्यापाजाऱ्यांची होती ती आता गिऱ्हाइकांची यादी झाली होती.

व्हायचं तेच झालं. व्हेरिओ नावाची कंपनी संकेतस्थळं उभारून द्यायचा धंदा करी. तिने एक प्रोग्राम लिहिला. तो रोज नव्याने नोंदलेली नावं हुडकायचा, रजिस्टर डॉट कॉमच्या हूइजमध्ये जाऊन मालकांचे फोन-ईमेल उचलायचा, आणि लगेच त्या बिचाऱ्यांना व्हेरिओचे फोन सुरू. लोकांना वाटे, रजिस्टर डॉट कॉमनेच आपला नंबर विकला. प्रकरण न्यूयॉर्कच्या कोर्टात गेलं. डिसेंबर २००० मध्ये व्हेरिओला मनाई झाली आणि जानेवारी २००४ मध्ये अपिलातही ती टिकली. व्हेरिओचं म्हणणं होतं की आयकॅनच्या करारानुसार रजिस्ट्रारला अशा अटी घालताच येत नाहीत. अपील कोर्ट म्हणालं, करार मोडला असेल तर विचारायचा हक्क आयकॅनला, तुम्हाला नाही. झालं. खिडकीला पहिलं गज बसलं. आपल्या हूइजमधून कोण किती आणि कशासाठी उचलतो यावर रजिस्ट्रार अटी घालू शकतो, हे त्या निकालाने दिसून आलं.

याच सुमारास आमच्या घरी काय झालं ते सांगतो. २००३ साली मी आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी एक डोमेन घेतलं. पत्ता कुठला द्यायचा? इथलं बिऱ्हाड आज आहे उद्या नाही, म्हणून चिपळूणचा दिला, घरचा. काही महिन्यांनी अण्णांच्या नावे... म्हणजे माझ्या नावे, पण अण्णांच्या हाती परदेशातून एक पाकीट आलं. आत व्यवस्थित बिल होतं. 'तुमच्या नावाची मुदत संपत आहे, तीस डॉलर त्वरित भरा, अन्यथा नाव गमवाल.' अण्णा निवृत्त शिक्षक. मुलाचं नाव जाईल म्हणून ते भर उन्हात बँकेत डॉलरचा ड्राफ्ट काढायला गेले. तिथल्या कारकुनाने फॉर्म पुढे केला, त्यातला एक रकाना काही अण्णांना भरता येईना, म्हणून त्यांनी एसटीडी बूथवरून मला बहरीनला फोन लावला. तेवढ्याने वाचलो. ते बिल माझ्या रजिस्ट्रारचं नव्हतंच. हूइजमधून पत्ते उचलून जगभर अशी खोटी बिलं पाठवणारे तेव्हा पुष्कळ होते. अण्णा नंतर बरेच दिवस विचारत, "पण त्यांना आपला पत्ता दिला कुणी?" मीच दिला होता. नियमच तसा होता.

त्यामुळे रजिस्ट्रारांनी खिडकीवर गज बसवले तेव्हा मी मनातून खूश होतो, हे कबूल करतो. कुणी तासाला इतक्याच चौकशा अशी मर्यादा घातली, कुणी वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावली, कुणी ईमेलचा पत्ता चित्र म्हणून दाखवायला सुरुवात केली. ऑक्टोबर २००७ मध्ये आयकॅनच्याच सुरक्षा समितीने प्रयोग करून दाखवलं की हूइजमधले ईमेल पत्ते कचरा-मेल पाठवणाऱ्यांच्या हाती खरोखरच पडतात. पण याच काळात रजिस्ट्रारांना एक नवा धंदाही सापडला. गोडॅडीच्या संस्थापकाने २००२ साली 'डोमेन्स बाय प्रॉक्सी' नावाची कंपनी काढली. वर्षाला थोडे जास्त पैसे द्या, वहीत तुमच्या जागी आमचं नाव लावतो. बेनामी व्यवहार आपल्याला काही नवा नाही, फक्त इथे तो दुकानातच राजरोस मिळायला लागला.

कुणी म्हणेल, चोर थोडाच खरं नाव देणार? बरोबर आहे. अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासनीस कचेरीने २००५ साली अंदाज केला होता की डॉट कॉम, नेट आणि ऑर्गमधल्या २३ लाखांहून अधिक नावांच्या, म्हणजे सुमारे पाच टक्के नावांच्या नोंदी सरळसरळ खोट्या आहेत. पण खोट्याचाही माग लागतो हो. भामटा वीस नावं घेतो तेव्हा वीस वेगळे फोन नंबर शोधायचा त्याला कंटाळा येतो. एकच खोटा नंबर वीस ठिकाणी दिसला की जाळं लक्षात येतं. फसव्या संकेतस्थळांचा माग काढणारे पुष्कळ लोक याच युक्तीवर काम करायचे.

त्यांची गैरसोय व्हायला जानेवारी २०१८ पासून सुरुवात झाली. गोडॅडीने पोर्ट ४३ वरून येणाऱ्या उत्तरांतला संपर्काचा भाग झाकायला घेतला. आणि २५ मे २०१८ ला युरोपचा माहिती-संरक्षण कायदा, जीडीपीआर, लागू झाला. माणसाची खाजगी माहिती विनाकारण उघडी टाकली तर जबर दंड. आयकॅनकडे वीस वर्षं या विषयावर समित्या चालल्या होत्या, तोडगा एकही नव्हता. शेवटी १७ मेला, म्हणजे आठवडाभर आधी, घाईघाईने तात्पुरता नियम केला: माहिती गोळा करा, पण दाखवू नका. एका जर्मन रजिस्ट्रारने तर काही माहिती गोळा करायलाच नकार दिला. आयकॅन बॉनच्या कोर्टात गेली आणि ३० मेला हात हलवत परत आली.

आता कायदा युरोपचा. मग चिपळूणच्या पोराला फसवणाऱ्याचं नाव का झाकलं? कारण कोण युरोपचा आणि कोण नाही हे तपासत बसण्यापेक्षा सरसकट झाकणं रजिस्ट्रारला सोपं आणि स्वस्त. तात्पुरत्या नियमाने तशी मुभाही दिली होती. पुढे बहरीनचा स्वतःचा माहिती-संरक्षण कायदा १ ऑगस्ट २०१९ पासून लागू झाला, भारताचा २०२३ मध्ये संमत झाला. जुना हूइजही आता गेला. २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी तो चालू ठेवण्याची सक्ती उरली नाही, त्याच्या जागी आरडॅप ही नवी पद्धत आली. तीत उत्तर नीटनेटकं येतं, झाकलेलं मात्र झाकलेलंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयकॅनने झाकलेली माहिती मागण्यासाठी एक अर्जव्यवस्था काढली. पण तीत सामील व्हायचं की नाही हे रजिस्ट्रारच्या मर्जीवर ठेवलं, आणि माहिती द्यायची की नाही हेही. पोलीस, मोठ्या कंपन्यांचे वकील यांना तिथे काही आशा आहे. सोमवारी साठ हजार भरायचे आहेत त्या वेल्डरने कुठला अर्ज करायचा?

मला यातलं काय खटकतं ते सांगतो. अण्णांचा पत्ता झाकला गेला हे योग्यच झालं. पण अण्णा आणि तो क्रेनवाला भामटा यांना एकाच पडद्यामागे बसवलं, ही गफलत आहे. माणसाचं घर खाजगी असतं. लोकांकडून पैसे घेणारा धंदा खाजगी नसतो. इथे बहरीनमध्येच पाहा, वाणिज्य मंत्रालयाच्या 'सिजिलात' या वहीत कुठल्याही कंपनीचा नोंदणी क्रमांक टाकला की तिची नोंद कुणालाही दिसते. युरोपलाही हे उमगलेलं दिसतं. २०२२ च्या डिसेंबरातल्या त्यांच्या सायबरसुरक्षेच्या नव्या निर्देशात म्हटलंय की डोमेनच्या नोंदीतली जी माहिती व्यक्तिगत नाही, ती उघड केली पाहिजे. हेच वीस वर्षांपूर्वी वेगळं काढलं असतं तर?

असो. आता ती उघडी राहिलेली ओळ. मालकाचं नाव झाकतात, पण नोंदणीची तारीख झाकत नाहीत. '१९९४ पासून आपल्या सेवेत' असलेल्या कंपनीचं नाव नोंदलं होतं एकोणीस दिवसांपूर्वी! ऑफर लेटरवरचा नोंदणी क्रमांक सिजिलातवर टाकला तर तो एका फुलं विकणाऱ्याचा निघाला. आणि भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेल्या भरती एजंटांची यादी असते, तीत पैसे घेणाऱ्याचं नाव नव्हतं. नोंदणीकृत एजंटला फी म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त घेताच येत नाही. इथे तर पंच्याहत्तर हजारांची गोष्ट चालली होती.

तेव्हा मंडळी, तुमच्या ओळखीत कुणी आखातात निघालं असेल तर या तीन गोष्टी त्याच्याकडून तपासून घ्या: नावाची तारीख, कंपनीची नोंद, एजंटचं नाव. फुकट आहेत, अर्ध्या तासाचं काम आहे. आपण सातबारा बघितल्याशिवाय जमीन घेत नाही, नोकरीचं तरी का घ्यावं?

शनिवारी सकाळी पुतण्याला फोन करून सगळं सांगितलं. मित्र शेजारीच बसला होता. साठ हजार वाचले. आईचे दागिने ठेवून आणलेले होते, ते त्याच दुपारी सोडवून आणले म्हणे. मी रजिस्ट्रारच्या तक्रारीच्या पत्त्यावर सगळं लिहून पाठवलं. आपोआप येणारी पोच आली. अकरा दिवसांनी ते संकेतस्थळ बंद झालं, कुणी केलं ते कळलं नाही.

फोन ठेवता ठेवता तो मुलगा म्हणाला, "काका, आणि आधीच्या पंधरा हजारांचं काय? माणूस कोण ते कळलं तर पोलिसात देता येईल."

पोलिसात तक्रार दे, असं मी सांगितलं. माणूस कोण, ते मात्र मला सांगता आलं नाही.